मोर्चा थांबतो कुठे?

चिखले गावातल्या माणसाचं सरकारदरबारी काम निघालं की त्याच्यापुढे तीन पायऱ्या असतात. तहसील कचेरी, प्रांत आणि आदिवासी प्रकल्प कार्यालय डहाणूला, म्हणजे हाताशी. जिल्हाधिकारी पालघरला. मंत्री मुंबईला, आणि डहाणू रोड ते चर्चगेट हे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या घरात. डहाणूहून बोर्डीकडे जाताना नरपडच्या पुढे हे गाव लागतं. एका अंगाला सुरूची बनं आणि त्यापलीकडे समुद्र, दुसऱ्या अंगाला चिकूच्या वाड्या. मासेमार, वाडीवर राबणारा आदिवासी मजूर आणि वाडीचा मालक इथे शेजारी राहतात, त्यामुळे सरकारपुढे न्यायची गाऱ्हाणीही तऱ्हेतऱ्हेची.

एकटा माणूस गाऱ्हाणं घेऊन गेला तर प्रत्येक पायरीवर त्याच्यासाठी काही ना काही बांधून ठेवलेलं असतं. खिडकी असते, बाक असतो, अर्जावर शिक्का मारून देणारं आवक-जावकचं टेबल असतं. तीच माणसं हजारांनी गेली की इमारत गडबडते. फाटक लागतं, बॅरिकेड येतात, पाच जणांचं शिष्टमंडळ आत जातं. उरलेले नऊशे पंच्याण्णव रस्त्याच्या कडेला, गटाराच्या काठावर, दुकानांच्या पायऱ्यांवर उन्हात बसून राहतात. शिष्टमंडळाला चहा मिळतो आणि फोटो त्याचाच छापून येतो. मला कुतूहल आहे ते बाहेर उरलेल्यांच्या जागेचं.

लोकांच्या निदर्शनांना आधार देतील असे चौक, पटांगणं आणि इमारती कशा आखाव्यात, याची चर्चा जगभरचे वास्तुरचनाकार करू लागले आहेत. पण डहाणू-तलासरीला हा विषय नवा नाही. ऐंशी वर्षांपूर्वी इथल्या वारल्यांनी कुठलीही इमारत हाताशी नसताना माणसं जमवण्याची एक रीत उभी केली. तिच्यात काय जमलं आणि ती कुठे मोडली, हे आजच्या आराखडेवाल्यांनी वाचायला हवं.

वारली पाडा दाटीवाटीचा नसतो. घरं विखुरलेली, एक टेकाडावर तर दुसरं शेताच्या बांधाला. गावाच्या मधोमध चावडी आणि तिच्यापुढे पार, हे देशावरचं चित्र इथे बसत नाही. १९४५ च्या आधी वारल्यांना एकत्र येण्याची मुभा होती ती मुख्यतः बाजार, लग्न आणि जत्रेपुरती. नाहीतर जमीनदाराच्या वाड्यावर वेठीला. लग्नासाठी काढलेलं कर्ज फेडता फेडता नवरा-बायको दोघंही सावकाराची ‘लग्नगडी’ होऊन बसत, आणि फेड कधी संपत नसे. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. माह्या धांगडा आणि त्याच्याबरोबरचे काही वारली तिथे गेले, आणि परिषदेतलं बोलणं पाड्यांवर घेऊन आले. २३ मे १९४५ रोजी आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावी पाच हजारांवर वारली जमले. वेठ करायची नाही, लग्नगडी म्हणून राबायचं नाही, असं तिथे ठरलं. किसान सभेच्या गोदावरी परुळेकर, वारल्यांच्या गोदाराणी, यांनी या सगळ्याची हकिगत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवली आहे.

झरीला सभागृह नव्हतं आणि तिथे कुणी आराखडाही काढला नव्हता. जागा मात्र नेमकी होती. जमीनदाराच्या वाड्यापासून दूर, पाड्यापाड्यांतून पायी पोचता येईल अशी. महिनाही नेमका होता. मे अखेर म्हणजे शेतीची कामं थांबलेली आणि पाऊस अजून यायचा. माणूस घर सोडून दोन दिवस बाहेर राहू शकतो, असे वर्षातले थोडे दिवस असतात, त्यांतले हे.

ऑक्टोबरातही हाच हिशेब दिसतो, फक्त उलट्या बाजूने. पाऊस सरला की या भागातलं गवत कापणीला येतं, आणि ते तेव्हा मुंबईला जायचं. उभं गवत वाळून गेलं तर त्याचं मोल जातं, म्हणजे घाई जमीनदाराला. नेमक्या त्याच वेळी वारल्यांनी पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये मजुरी मागितली आणि काम थांबवलं. संपाला जागेइतकीच वेळही बांधावी लागते, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. हे गणित आजही इथे चालतं. सरकारी मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे मच्छीमार मोकळा असतो तो भर पावसात. शेतमजूर तेव्हा लावणीला जुंपलेला, आणि दिवाळीनंतर यातली कितीतरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर गेलेली. किनारा आणि डोंगर यांना एका मोर्च्यात आणायचं तर आधी पंचांग बघावं लागतं.

ही रीत मोडली ती १० ऑक्टोबर १९४५ ला, तलवाड्याला. गोदाराणीचा निरोप आहे, सगळ्यांनी जमा, अशी अफवा जमीनदारांच्या बाजूने सोडण्यात आली. लोक लाठ्याकाठ्या घेऊन हजारोंनी आले. तिकडे पोलिसांच्या कानावर घातलं गेलं की वारली चाल करून येताहेत. गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि त्याचे चार साथी मारले गेले. त्या दिवसाची आठवण तलासरी-डहाणूत दर वर्षी १० ऑक्टोबरला काढली जाते.

या घटनेकडे आपण बहुतेक वेळा जुलमाची गोष्ट म्हणून बघतो, आणि ती तशी आहेच. मला तिच्यात रचनेतलं एक भगदाडही दिसतं. हाक आली की हजारो माणसं एका ठिकाणी गोळा होतात, ही ताकद काही महिन्यांत उभी राहिली होती. ती हाक खरी कुणाची, हे पडताळायची सोय मात्र उभी राहिली नव्हती. मैदान भरणं सोपं होतं, आणि समोरच्याने नेमकं तेच ओळखून मैदानाचा सापळा केला. आज हातात मोबाइल आहेत म्हणून हा धोका कमी झाला, असं म्हणवत नाही. अफवा आता काही मिनिटांत पोचते. जमण्याच्या जागेवर मंच लागतो तसा खात्रीचा आवाज लागतो, सगळ्यांना ऐकू जाणारा आणि सगळ्यांना ओळखता येणारा. ध्वनिवर्धकाच्या परवान्याची कटकट करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. गर्दीला सांभाळणारा माइक काढून घेतला की गर्दी कुजबुजीवर चालते.

त्यानंतरच्या दशकांत या भागातल्या आंदोलनाची जागा झाली ती नाका. चारोटी नाका त्यातला मुख्य, कारण डहाणू-जव्हार रस्ता मुंबई-अहमदाबाद महामार्गाला तिथे छेदतो. महालक्ष्मीचं देऊळही जवळच, चैत्रात पंधरवडाभर जत्रा भरते, त्यामुळे माणसांनी एकाच वेळी येणं, खाणं, बसणं आणि परतणं याचा सराव त्या परिसराला आहे. नाक्यावर चहा मिळतो, टेम्पो उभा करता येतो, चार रस्त्यांनी येता येतं आणि चार रस्त्यांनी जाता येतं. तिथे अर्धा तास बसलं की गुजरातपर्यंत ट्रकची रांग लागते आणि अर्ध्या तासात तहसीलदार धावत येतो. निवेदन द्यायला आपण गेलो तर भेट नाही, तो आला तर भेट.

मग चारोटीला उड्डाणपूल झाला. तो अपघात आणि कोंडी टाळण्यासाठी आहे, त्यात कुणाचा कावा नाही. पण परिणाम बघा. खाली नाक्यावर दोन हजार लोक बसले तरी वरून वाहतूक सुरळीत चालू राहते. ज्याला अडवायचं तो आता डोक्यावरून जातो. महामार्ग अडवायचा तर पुलावर चढावं लागतं किंवा पुढे-मागे भरधाव रस्त्यात उतरावं लागतं, म्हणजे जीव धोक्यात आणि गुन्हाही मोठा. रस्त्याच्या एका सुधारणेने आंदोलनाची पन्नास वर्षांची सवय खालसा केली, आणि त्याबद्दल कुणी एक ओळ लिहिली नाही. नाक्याच्या बदल्यात लोकांना म्हणणं मांडायला कुठली जागा देणार, असा रकाना महामार्गाच्या प्रकल्प अहवालात नसतो.

जागा द्यायची संधी आली होती पालघरला. १ ऑगस्ट २०१४ ला जिल्हा झाला, आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये सिडकोने पालघर-बोईसर रस्त्यावर कोळगावजवळ बांधलेलं जिल्हा मुख्यालय सुरू झालं. कोरी जमीन आणि नवा आराखडा, हे भाग्य महाराष्ट्रात फार थोड्या जिल्ह्यांना मिळालं. इमारती प्रशस्त आहेत, भव्य आहेत, आणि डौलाची हौसही पुरेपूर भागवलेली आहे. हा जिल्हा कसला? कातकरी, वारली, कोकणा, मल्हार कोळी आणि किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा, म्हणजे मोर्चा ही ज्यांची नेहमीची भाषा आहे त्यांचा. त्या जिल्ह्याच्या कचेरीपुढे दहा हजार माणसं आली तर ती कुठे बसतील, पाणी कुठे पितील, बायका कुठे जातील, या प्रश्नाला आराखड्यात मानाचं स्थान हवं होतं. प्रत्यक्षात मोर्चा स्टेशनाकडून काही किलोमीटर चालत येतो आणि फाटकाबाहेरच्या रस्त्यावर थांबतो.

थांबण्याची आखणी नसेल तर काय होतं याचं उत्तर याच राज्याने एकदा भयंकर रीतीने दिलं आहे. २३ नोव्हेंबर १९९४. नागपूरचं हिवाळी अधिवेशन. गोवारी समाजाचा मोर्चा अनुसूचित जमातीची मान्यता मागायला आलेला, त्यात बायका-मुलं मोठ्या संख्येने. मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटजवळ मोर्चा अडवला गेला. लोक दिवसभर ताटकळले. संध्याकाळी गर्दी हलली, लाठ्या चालल्या, मागून रेटा आणि पुढे बॅरिकेड. ११४ माणसं चेंगरून मेली. बहुतेक बायका आणि मुलं. पुढे सीताबर्डीत त्यांचं स्मारक झालं आणि जवळच्या उड्डाणपुलाला शहीद गोवारींचं नाव दिलं गेलं.

मंत्री का भेटला नाही, लाठीमाराचा हुकूम कुणाचा, यावर तेव्हा पुष्कळ बोललं गेलं. माझ्या मते ज्या प्रश्नावर सगळ्यात कमी बोललं गेलं तो हा, की चाळीस-पन्नास हजारांच्या जमावाला निसटायच्या वाटा किती होत्या. सिनेमागृहाला आग लागली तर बाहेर पडायचे दरवाजे किती आणि किती रुंद, याचे नियम आहेत, ते न पाळल्यास परवाना जातो. सरकार स्वतः ज्या ठिकाणी वर्षानुवर्षं मोर्चे अडवतं, त्या जागेला असा कुठला नियम नाही. बॅरिकेड लावताना पोलीस एकच दिशा बघतात, पुढची.

मुंबईत जागा आहे, आझाद मैदान. तिचाही इतिहास मागे सरकण्याचाच आहे. २१ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या लोकांना विधिमंडळाकडे जायचं होतं, ते फ्लोरा फाउंटनला अडवले गेले, गोळीबार झाला, आणि जिथे अडवले तोच आपला हुतात्मा चौक. पुढे मोर्चे काळा घोड्याला अडू लागले. मग आझाद मैदान. विधानभवन १९८१ पासून नरिमन पॉइंटला आहे, आणि आझाद मैदानातून ते दिसतही नाही. ज्याच्याविरुद्ध बोलायचं त्याच्या कानावर आवाज पडणार नाही इतक्या अंतरावर बोलण्याची पूर्ण मोकळीक, ही व्यवस्था ज्याने बसवली तो हुशार खरा.

मार्च २०१८ चा किसान लाँग मार्च त्याच मैदानात आला. ६ मार्चला नाशिकहून निघालेले, सुमारे १८० किलोमीटर चाललेले हजारो शेतकरी, त्यात आदिवासी फार मोठ्या प्रमाणात आणि वनहक्काची जमीन ही मुख्य मागणी. ११ मार्चला ते चुनाभट्टीच्या सोमय्या मैदानावर पोचले. दुसऱ्या दिवशी दहावीची परीक्षा होती. मुलांना त्रास नको म्हणून त्यांनी रात्रीच उठून चालायला सुरुवात केली आणि पहाटे आझाद मैदान गाठलं. मुंबईकरांनी पाणी दिलं, खाणं दिलं, फाटलेले पाय बघून चपला दिल्या. संध्याकाळपर्यंत सरकारने लेखी आश्वासन दिलं आणि परतीसाठी खास गाड्या सोडल्या. या मार्चचं कौतुक त्याच्या शिस्तीसाठी झालं. मला त्यातली मुक्कामाची यंत्रणा जास्त थोर वाटते. शिधा पुढे गेलेला, स्वयंपाकाची भांडी टेम्पोत, मुक्कामाची मैदानं ठरलेली. एक चालतं गावच ते, आणि गाव म्हटलं की सरकारला त्याच्याशी बोलावं लागतं.

त्याच मैदानात ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे आले, तेव्हा पोलिसांची परवानगी ५,००० माणसांची होती, संध्याकाळी सहापर्यंतची, आंदोलनासाठी राखीव जागा सात हजार चौरस मीटर, आणि तिथे अन्न शिजवायला मनाई. भाग करून बघा. माणशी १.४ चौरस मीटर येतात. तेवढ्यात माणूस आडवाही होईल, पण सहाची वेळ आणि चुलीला मनाई त्याला मुक्काम करू देत नाहीत. म्हणजे त्या अटींतच निकाल आहे: या, बसा, आणि दिवस मावळायच्या आत जा. प्रत्यक्षात आले कितीतरी पट अधिक, मैदानातून सांडून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि महापालिकेच्या दारापर्यंत पसरले, आणि पाणी-शौचालयाच्या तक्रारी सुरू झाल्या. मग उच्च न्यायालयाने रस्ते मोकळे करायला सांगितलं. शहराचे हाल झाले हे खरंच आहे. पण हाल पाहुणे आल्यामुळे झाले की त्यांच्यासाठी काहीच न मांडल्यामुळे, हे वेगळं करून बघायला हवं.

सहाची वेळ तर डहाणू-तलासरीच्या माणसाला थेट बाद करते. आतल्या पाड्यावरून निघून स्टेशन गाठायचं, तिथून लोकलने अडीच-तीन तास, आणि परतताना हेच उलट. हाताशी दुपारचे चार तास. दादरला राहणाऱ्याला आणि तलासरीच्या वारल्याला संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने शांततेने जमण्याचा हक्क सारखाच दिला आहे. वेळापत्रकाने तो सारखा ठेवलेला नाही.

सत्तेला जागेची भीती वाटते याचे दाखले जगभर आहेत. बहारीनमध्ये २०११ साली लोकांनी पर्ल चौकात ठाण मांडलं तर राजाने मधला मनोराच पाडून टाकला, चौकाची वाहतूक बदलली आणि मनोऱ्याचं चित्र असलेलं नाणंही चलनातून काढलं. दिल्लीच्या वेशीवर शेतकरी एक वर्षाहून जास्त काळ ट्रॉल्यांत संसार मांडून बसले, तर सरकारने रस्त्यात काँक्रीट ओतून खिळे ठोकले. उलटा दाखला पॅरिसचा. तिथला रिपब्लिक चौक गाड्यांच्या वेढ्यात अडकलेला होता. २०१३ मध्ये तो सपाट, मोकळा, पायी चालणाऱ्यांचा केला गेला, आणि २०१६ मध्ये कामगार कायद्याच्या विरोधात तरुण तिथे रात्र रात्र बसून चर्चा करू लागले. चौक मोकळा केला म्हणून आंदोलन झालं असं नाही. पण मोकळा नसता तर ते तिथे बसले नसते.

इथे एक शंका मीच काढतो. सरकारने आंदोलनासाठी छान सावलीची, नळाची, शौचालयाची जागा बांधून दिली तर तो कोंडवाडा होणार नाही का? होईल. ती गावाबाहेर असली आणि ‘तिथेच बसा’ असा हुकूम आला, तर नक्कीच होईल. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली हिम्मतलाल शाह प्रकरणात सांगितलं होतं की सार्वजनिक रस्त्यांवरची सभा सरकार नियमात बांधू शकतं, सरसकट बंद करू शकत नाही. २०२० मध्ये शाहीनबाग प्रकरणात त्याच न्यायालयाने नेमून दिलेल्या जागेवर भर दिला. या दोन्हींच्या मधली जी चिंचोळी वाट आहे, तिच्यावरच आराखडा काढावा लागेल. माझी कसोटी साधी आहे. जागा अधिकाऱ्याच्या खिडकीतून दिसली पाहिजे आणि घोषणा त्याच्या टेबलापर्यंत पोचली पाहिजे. तेवढं नसेल तर संगमरवर घातला तरी तो कोंडवाडाच.

वाढवणच्या बंदराने हा प्रश्न अजून अवघड केला आहे. डहाणूजवळच्या समुद्रात होणाऱ्या या प्रकल्पाला जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, खर्च ७६,२२० कोटी. सुमारे १,४४८ हेक्टर भराव समुद्रात पडणार. ‘एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द’ ही घोषणा गेली कित्येक वर्षं या किनाऱ्यावर घुमते आहे. पण ज्यावर हक्क सांगायचा तो समुद्र. तिथे ठाण मांडता येत नाही, पार बांधता येत नाही. होड्यांवर काळे झेंडे लावता येतात, बस्स. उरते ती जनसुनावणी. विरोधकांसाठी सरकारने स्वतः मांडव घालायचा, असा आपल्या कायद्यातला हा एक विरळा प्रसंग. २००६ ची पर्यावरण अधिसूचना म्हणते, सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा अगदी जवळ घ्या. जानेवारी २०२४ मध्ये वाढवणची सुनावणी झाली ती पालघरला. किनाऱ्यावरच्या म्हातारीने आपलं म्हणणं सांगायला तितका प्रवास करायचा, आणि मग शेकडो जणांच्या रांगेत माइकपाशी दोन मिनिटं मिळवायची. मांडव कुठे घातला यावरूनच ऐकायची इच्छा किती आहे ते समजतं.

ज्यांना हे सगळं बारीकसारीक वाटतं त्यांच्यासाठी लागणाऱ्या गोष्टी सांगतो, त्यात महाग काहीच नाही. कचेरीपुढे फरशी नको, झाडं हवीत, वड-चिंचेसारखी, कारण इथला मे आणि इथला जुलै दोन्ही कापडी मांडवाला पुरून उरतात. कंपाउंडची भिंत बसता येईल अशा उंचीची आणि रुंदीची. नळ आतल्या आवारात नको, रस्त्याच्या बाजूला हवेत. बायकांची शौचालयं पुरुषांच्या दुप्पट, आणि ती सुट्टीच्या दिवशी कुलूपबंद नसावीत. माइकसाठी विजेची जोडणी. रुग्णवाहिकेची वाट, जिच्यावर कुणी बॅरिकेड लावणार नाही. किमान चार बाजूंनी बाहेर पडायला रस्ते. आणि रात्रीचा मुक्काम करता येईल असं छप्पर, जे मोर्चा नसेल तेव्हा आठवडे बाजाराला चालेल. बाजाराला चालेल अशी जागा मोर्च्याला हमखास चालते, तलासरीचा कुठलाही कार्यकर्ता हे सांगेल.

कोळगावच्या मुख्यालयाभोवतीचं सिडकोचं नवं शहर अजून वसायचं आहे, म्हणजे नकाशावर रेघ ओढायला वेळ गेलेली नाही. डहाणू-तलासरीतून पालघरला पुढचा जो कोणी मोर्चा नेईल, मग तो बंदराचा असो, वनजमिनीचा असो की मजुरीचा, त्यांना विनंती आहे की निवेदनाच्या शेवटी एक मागणी वाढवा: आम्ही पुन्हा येणार आहोत, तेव्हा आम्हाला बसायला या आवारात जागा आखून ठेवा.